शून्यावर संपणारं बीपी

कुणाचाही केसपेपर हातात आला की मी बीपीचा शेवटचा आकडा आधी बघते. १३०/८०, १४०/९०, १२०/८०, परत १३०/८०. पाऱ्याच्या यंत्रावर दर दोन मिलिमीटरला रेघ असते. म्हणजे पाच पेशंटांत साधारण एकाचंच बीपी शून्यावर संपायला हवं. पण कुठल्याही वॉर्डातली वही उघडा, पानंच्या पानं शून्यं. ठोका ऐकू येतो १३६ ला आणि पेन लिहितं १४०. नाहीतर १३०, पेशंटच्या तोंडाकडे बघून जे बरं दिसेल ते.

सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हे का होतं ते मला माहीत आहे. पुस्तकात लिहिलंय: पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला आधार द्या, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, आधी लघवीला जाऊन येऊ दे, हात हृदयाच्या उंचीवर टेकवा, बोलू देऊ नका, मिनिटभरानं परत मोजा. दीडशे पेशंटांची ओपीडी असेल तर नुसती बसवायचीच पाच-पाच मिनिटं धरली तरी साडेबारा तास होतात! मग काय होतं? माणूस जिना चढून येतो, बिनपाठीच्या स्टुलावर टेकतो, दंडावर चढवलेली घट्ट बाही रक्तच अडवते, आणि पट्टा फुगत असतानाच डॉक्टर विचारतात, "बोला काका, काय होतंय?" काका बोलतात. बोलल्यानं बीपी वाढतं.

हात कुठे ठेवला यानं किती फरक पडतो, हे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२४ साली नीट मोजून दाखवलं. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवरच्या हातानं वरचं बीपी सुमारे ४ नी जास्त आलं, लोंबकळत्या हातानं साडेसहानं. आता गंमत बघा. २०१७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. त्यावर जगभर वाद झाले, अजून चाललेत. भांडण दहा मिलिमीटरचं, आणि त्यातले साडेसहा आम्ही नुसता हात लोंबकळत सोडून खाऊन टाकतो. १३४ आलेल्या माणसाला आयुष्यभराची गोळी सुरू करायची की नाही, यात स्टुलाचाही वाटा असतो.

पट्ट्याचं दुखणं तर त्याहून जुनं. इटलीत रीव्हा-रोच्चीनं १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा काढला, तो जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्यानं आकडा फुगतो, हे फॉन रेक्लिंगहाउझेननं १९०१ सालीच दाखवलं आणि पट्टा रुंद केला. स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायची कोरोत्कोफची पद्धत त्यानंतरची, १९०५ ची. म्हणजे ऐकायला शिकण्याआधीच पट्ट्याची चूक कळली होती. तरी आज बहुतेक ओपीडीत पट्टा एकच. २०२३ च्या एका अभ्यासात सगळ्यात मोठा पट्टा लागणाऱ्या जाड दंडांना नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचं बीपी सरासरी साडेएकोणीसनं जास्त आलं. लहान पट्टा लागणाऱ्यांचं साडेतीननं कमी. जाड माणसाबद्दल निदान कुणीतरी शंका घेतं. काडीसारख्या दंडाच्या शेतमजूर बाईचं १३८ आलं की तिला "छान आहे हो मावशी" म्हणून घरी पाठवतात.

हल्ली सोसायटीतले लोक घरचं यंत्र घेऊन माझ्याकडे येतात. तक्रार एकच: "सिस्टर, हे बिघडलंय, दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं." यंत्र बहुधा ठीक असतं. बीपी दर ठोक्याला हलतं, म्हणून सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्याची सरासरी काढायची. ती सरासरी १३५/८५ च्या खाली आणि दवाखान्यात मात्र १५० च्या वर, असेही लोक असतात. डॉक्टरांना बघूनच त्यांचं बीपी चढतं. (गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.)

खालच्या मजल्यावरच्या काकांनी अशी वही केली. रेघा आखून, १३३, १२७, १३१, एकही आकडा गोल न करता. डॉक्टरांनी ती चाळली, "वा, छान" म्हणाले आणि स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळायला लागले. काकांनी स्वेटर काढला, पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "पाच मिनिटं थांबता का?" बाहेर बारा-पंधरा माणसं ताटकळली होती. थांबले म्हणे डॉक्टर, पण तीनच मिनिटं.