डेव्हिस संग्रह: डेक्का आली, व्हिक्टर अजून हुलकावणी देतेय

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा गायक-गव्हर्नर जिमी डेव्हिस, त्याच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्ड्स सालवार लावायचं सुरुवातीपासून डोक्यात होतं, म्हणजे त्याचं गाणं आणि गव्हर्नरकी एका रांगेत ऐकता येते. यंदा मधली मोठी जागा भरली: डेक्का कंपनीची ५८१३ नंबरची रेकॉर्ड, ‘यू आर माय सनशाइन’, १९४०. निळं लेबल शाबूत. कडेला केसासारखा तडा आहे, पण सुई उडत नाही. धुवायला कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. स्पिरिट चुकूनही लावू नका, रेकॉर्डमधली लाख (शेलॅक) विरघळते. (ती लाखही बहुधा आपल्याकडचीच. युद्धात भारतातून माल येईना, तेव्हा अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांचे वांधे झाले होते.)

गाण्याचे हक्क डेव्हिस आणि त्याचा गिटारवादक चार्ल्स मिचेल यांच्या नावावर, पण ते घेतलेले पॉल राइसकडून विकत. पॉल आणि त्याच्या भावाची, म्हणजे राइस बंधूंची, याच गाण्याची रेकॉर्ड आदल्याच वर्षीची. तरी प्रचारात हेच गाणं गात डेव्हिस १९४४ मध्ये गव्हर्नर झाला. विरोधकांनी त्याची जुनी चावट ब्लूज गाणी सभेत वाजवली, तर लोक नाचायलाच लागले म्हणे! खुर्चीत असतानाच, १९४५ मध्ये, त्याचं एक गाणं कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायची तिथे सोय नव्हती. १९४८ ला गव्हर्नर म्हणून अर्ल लाँग आला आणि डेव्हिस परत माइकपुढे.

माझा जीव अडकलाय तो व्हिक्टर कंपनीने काढलेल्या त्याच्या १९३०-३२च्या रेकॉर्ड्समध्ये. मंदीत त्या फारशा खपल्याच नाहीत, त्यामुळे मिळणं मुश्कील. सध्या डिजिटल प्रतीवर भागवतोय. साथीला लुइझियानातल्याच श्रीव्हपोर्ट शहराचे कृष्णवर्णीय स्लाइड गिटारवाले (तारांवर नळी किंवा पट्टी सरकवून वाजवणारे), ऑस्कर ‘बडी’ वुड्स आणि एड शेफर. डेव्हिसची ओळ संपता संपता गिटार तोच शब्द लांबवत नेते. १९३२च्या एका बाजूवर तर वुड्स त्याच्याबरोबर गातोसुद्धा. गोरा आणि काळा, एकाच रेकॉर्डवर, त्या काळातल्या अमेरिकेच्या दक्षिणेत.

आणि हाच डेव्हिस १९६० मध्ये वर्णविभाजन टिकवायच्या नावावर मतं मागून दुसऱ्यांदा निवडून आला. न्यू ऑर्लिन्सच्या शाळांत गोरी-काळी मुलं एकत्र बसू नयेत म्हणून विधिमंडळाची खास अधिवेशनं भरवली. केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश स्केली राइट असा एकेक कायदा रद्द करत गेले, आणि १४ नोव्हेंबरला सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी ब्रिजेस केंद्र सरकारच्या मार्शलांच्या (सशस्त्र अधिकाऱ्यांच्या) पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. त्याच वर्षी ‘योग्य घर’ नसल्याचं कारण काढून सुमारे २३ हजार मुलांची सरकारी मदत तोडली गेली, त्यातली बहुतेक कृष्णवर्णीय. चाहते मात्र त्याने घोड्यावरून विधानभवनाच्या पायऱ्या चढल्याचीच गोष्ट रंगवून सांगतात. मला तरी आता वुड्सची साथ ऐकताना हे विसरता येत नाही.

आता तांत्रिक. डेक्कावर टर्नओव्हर (ज्या कंपनसंख्येखाली खर्ज वाढवला जातो ती) ५०० हर्ट्झ ठेवला की खर्ज फुगतो, ३००ला गिटार मोकळी वाटते. तुम्ही काय ठेवता? आणि व्हिक्टर कुणी विकायला काढली, तर आधी मला कळवा.