कुळथाचा संकर खरा की खोटा?

कोकणात भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो. पिठलं आणि कढण घरोघरी असलं, तरी वाण सुधारण्याच्या कामात हे कडधान्य तूर-हरभऱ्याच्या फार मागे राहिलं आहे, आणि हे मनाला खरंच लागतं. मार्कर (झाडाची ओळख पटवणारी डीएनएतली खूण) म्हटलं की सगळे थेट रोगप्रतिकारक जनुकामागे धावतात. कुळथात मार्करचं पहिलं काम त्याहून साधं आहे: संकर झालाय की नाही, ते सांगणं.

कुळथाचे परागकोष फूल उमलण्याआधीच फुटतात. म्हणून उद्या उमलेल अशी कळी आदल्या संध्याकाळी बारीक चिमट्याने उघडून दहाच्या दहा परागकोष काढायचे. एखादा राहिला तरी शेंग धरते, पण ती स्वपरागणाची. दाण्यावरून काही कळत नाही, कारण बियाचं साल मादी झाडाचंच असतं. म्हणून रोपाचा डीएनए तपासावा लागतो.

रोप पंधरा दिवसांचं झालं की १०० मिलिग्रॅम कोवळं पान घ्या. जून पान नको, त्यात फिनॉल (डीएनए तपकिरी करणारी संयुगं) जास्त. २ टक्के सीटॅबच्या (पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात फिनॉल धरून ठेवणारं १ ते २ टक्के पीव्हीपी आणि ऐनवेळी, तपकिरीपणा रोखायला, थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घालून ६५ अंशांवर ४५ मिनिटं ठेवा. डीएनएचा गोळा तपकिरी आला तर तो टाकून नव्याने सुरुवात करावी. चिकट आला तर पिष्टमय पदार्थ उरलेत. द्रावणातलं मीठ १.४ वरून २ मोलरवर न्या. डीएनएची शुद्धता प्रकाशशोषणावरून मोजताना २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर १.८ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, २६०/२३० सुद्धा बघा. ते फार खाली असेल तर पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) फसतो. नमुना दहापट पातळ केला की बहुतेकदा जेलवर डीएनएचा पट्टा येतो.

एचपीके-४ या वाणाचा जनुकसंच २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे एसएसआर मार्कर (डीएनएची छोटी अक्षरं पुन्हापुन्हा येणाऱ्या जागा) शोधणं सोपं झालंय. दोन अक्षरांची किमान दहा वेळा आवर्तनं असलेल्या जागा निवडा, १५० ते २५० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा धरा आणि प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) आधी फक्त दोन पालकांवर चालवा. स्वपरागित पीक असल्याने बरेच मार्कर दोघांत सारखेच निघतात. दोन-चार बेसचा फरक ३ टक्के अ‍ॅगरोजच्या जेलवर दिसत नाही. त्याला ६ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलमाइडचं जेलच हवं.

खऱ्या संकरात दोन्ही पालकांचे पट्टे दिसतात, स्वपरागित रोपात फक्त मादीचा. वर तिसरा फिकट पट्टा दिसला तर घाबरू नका; दोन वेगळ्या लांबीच्या साखळ्या एकमेकींना चिकटून तो तयार होतो.