मेडिकलचा प्रेफरन्स फॉर्म भरताना

नीटचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न येतो, "एवढ्या मार्कांत कुठलं कॉलेज मिळेल?" मग कुणीतरी गेल्या वर्षीचा कट-ऑफ शोधून काढतं, मार्क ताडून पाहतं, आणि घर एकतर उगाच हरखतं नाहीतर उगाच खचतं. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ विद्यार्थी होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे मार्क होते ६८६. या दोन वर्षांचे ६०० मार्क शेजारी ठेवून काहीही कळणार नाही. मार्क विसरा, क्रमांक धरा. ऑल इंडिया कोट्यासाठी, म्हणजे सरकारी कॉलेजांतल्या देशपातळीवर भरणाऱ्या १५ टक्के जागांसाठी, नीटच्या स्कोअरकार्डवरचा ऑल इंडिया रँक, आणि महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या, यादीतला स्टेट मेरिट नंबर, म्हणजे सगळे ज्याला एसएमएल म्हणतात तो.

क्रमांक धरला तरी जुने कट-ऑफ जपूनच वाचावे लागतात. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० हे प्रादेशिक सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांचे कट-ऑफ वेगवेगळे लागायचे. ते त्या वर्षी रद्द झालं. ऑल इंडियाच्या उरलेल्या जागा पूर्वी राज्याकडे परत यायच्या, २०२१-२२ पासून येत नाहीत. त्यामुळे त्याआधीचे आकडे आज दिशाभूलच करतील. मागची दोन-तीन वर्षं पुरेत. त्यातही आपला प्रवर्ग, मुलगी असल्यास महिला आरक्षणाची ओळ (सरकारी कॉलेजांत ३० टक्के), आणि प्रत्येक फेरीचा शेवटचा क्रमांक वेगवेगळा लिहून काढा. पहिल्या फेरीत एखादं कॉलेज जिथे बंद झालं, तिसऱ्या फेरीत ते बरंच खाली गेलेलं दिसतं. हे अंतर किती आहे, हाच कट-ऑफच्या तक्त्यातला सगळ्यात उपयोगी आकडा. थांबायचं की नाही, हे त्यावरून ठरतं.

अर्ज दोन ठिकाणी करायचे असतात. एक केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे, म्हणजे एमसीसीकडे. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडिया जागा, नागपूरसह सगळी एम्स, जिपमर, केंद्रीय विद्यापीठांची कॉलेजं आणि देशभरातली डीम्ड (अभिमत) विद्यापीठं तिथे येतात. पुण्याच्या सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजची, एएफएमसीची, इच्छाही तिथेच नोंदवावी लागते. पुढची निवड ते स्वतः करतात आणि सैन्यदलातल्या सेवेची अट असते, तेव्हा ती अट मनापासून मान्य असेल तरच तिकडे वळावं. दुसरा अर्ज राज्याच्या सीईटी सेलकडे. राज्यातल्या सरकारी, महापालिकांच्या, अनुदानित आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजांच्या जागा तिथे. "आपल्याला महाराष्ट्रातच राहायचंय" म्हणून एमसीसीची नोंदणीच टाळणारे पुष्कळ असतात. पण जेजे, केईएम, बीजे, नागपूर मेडिकल यांच्या १५ टक्के जागा एमसीसीतूनच भरतात. त्या दारावरही आपलं नाव असू द्या. फक्त ऑल इंडियासाठी खुल्या प्रवर्गाची नोंदणी १,००० रुपये आणि अनामत १०,००० रुपये अशी आहे, राखीव प्रवर्गांना दोन्ही निम्म्याने. डीम्डची नोंदणी ५,००० आणि अनामत २ लाख. डीम्ड परवडणार नसेल तर नोंदणी करताना डीम्डवर खूण करूच नका.

आता प्रेफरन्स फॉर्ममधल्या पसंतीच्या कॉलेजांच्या यादीचा क्रम. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

जागावाटप करणारी संगणकप्रणाली एकेका विद्यार्थ्याला गुणवत्तेच्या क्रमाने घेते, त्याची यादी वरून खाली वाचते, आणि जागा शिल्लक असलेलं पहिलं कॉलेज देते. बस, एवढंच. एखादं कॉलेज तुम्ही पहिलं टाकलं की पंधरावं, याचा तुमच्या गुणवत्तेवर काहीही परिणाम होत नाही. समजा तुमचा एसएमएल ३,००० आहे. पहिल्या चार पसंत्यांची कॉलेजं तुमच्याआधीच भरली, पाचव्यात जागा आहे, तर ते पाचवं तुम्हालाच मिळणार. ४,००० नंबरच्या मुलाने तेच कॉलेज पहिलं टाकलं असलं तरी. त्यामुळे "वर अवघड कॉलेजं टाकली तर हातचं जाईल" ही भीती निराधार आहे. तरीही दरवर्षी कितीतरी मुलं मिळण्याची खात्री असलेलं कॉलेज पहिलं टाकतात. मग पहिल्या फेरीत तेच मिळतं, आणि जे थोडक्यात मिळू शकलं असतं ते यादीत खाली राहतं. त्याकडे प्रणाली पोचतच नाही.

म्हणून क्रम लावायचा तो निव्वळ आवडीचा, कट-ऑफचा नाही. कट-ऑफचा उपयोग एवढाच, की यादीच्या कोणत्या भागावर डोकं जास्त चालवायचं ते कळतं. आपल्या नंबरच्या फार वरची कॉलेजं कोणत्याही क्रमाने टाकली तरी फारसा फरक पडत नाही. आपल्या नंबरच्या आगेमागे बंद होणारी आठ-दहा कॉलेजं असतात, त्यांचा आपसातला क्रम मात्र दोन रात्री बसून ठरवावा. शेपटीही लांब ठेवा. राज्यातली सगळी सरकारी कॉलेजं टाकायला जास्तीचा पैसा लागत नाही. "नंदुरबारला कोण जाणार, गडचिरोलीला कोण जाणार" म्हणत ती वगळायची आणि शेवटी खासगीचं शुल्क भरायचं, असा निर्णय होणार असेल तर तो उघड्या डोळ्यांनी घ्या, कंटाळ्यापोटी नको. उलट बाजूही तितकीच पक्की: जिथे जागा मिळाली तरी जाणार नाही, ते कॉलेज यादीत नको.

आवड ठरवायची कशावरून? इमारत आणि शहराचं नाव या दोन गोष्टींना आपण फार वजन देतो. डॉक्टर घडतो तो रुग्ण पाहून. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटांचं, १५० जागांना ६०५ आणि २०० जागांना ८०० खाटांचं रुग्णालय लागतं, आणि खाटा ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. हे किमान झालं. मुंबई, पुणे, नागपूरच्या जुन्या सरकारी रुग्णालयांत खाटा याच्या कितीतरी पुढे आहेत, आणि विद्यार्थ्यागणिक रुग्णही.

शक्य असेल तर कॉलेज प्रत्यक्ष बघून या, तेही कामाच्या दिवशी सकाळी. दहा-साडेदहाला ओपीडीच्या रांगा बघा. मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांत किती खाटा भरल्या आहेत ते नजरेनेच कळतं. महिन्याला बाळंतपणं किती, रात्री अपघाताचे रुग्ण इथे येतात की दुसरीकडे पाठवले जातात, अतिदक्षता विभाग चालू आहे का, रक्तपेढी आहे का, हे विचारा. हे प्रश्न कार्यालयात विचारू नका. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आणि इंटर्न सरळ उत्तर देतात. त्यांना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: ॲनाटॉमीला एका मृतदेहावर किती जण होते, आणि वॉर्डात शिकवायला नक्की कोण येतं.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा "रेसिडेंट" असं येतं. वॉर्डात रात्री दोन वाजता सलाईन लावायला, टाके घालायला, ईसीजी वाचायला हात धरून शिकवतात ते पीजी, म्हणजे एमडी-एमएस, करणारे रेसिडेंटच. म्हणून कॉलेजात कोणत्या विषयांच्या पीजीच्या जागा आहेत हे आयोगाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, अस्थिरोग आणि भूल या विषयांत पीजी असलेलं कॉलेज आणि एकही पीजी नसलेलं कॉलेज यांत खूप फरक पडतो. राज्यात अलीकडे जिल्हा रुग्णालयांना जोडून बरीच नवी सरकारी कॉलेजं निघाली. तिथे रुग्ण भरपूर असतात, कारण जिल्ह्याचा सगळा भार त्याच रुग्णालयावर असतो. कमी असते ती अध्यापकांची आणि वसतिगृहाची. एखाद्या विषयाला प्राध्यापक नसणं, वर्ग तात्पुरत्या जागेत भरणं, पहिलं वर्ष भाड्याच्या खोलीत काढावं लागणं, याची तयारी ठेवायला हवी. तरीही माझं मत स्पष्ट आहे: कर्ज काढून घेतलेल्या महागड्या जागेपेक्षा भरलेल्या वॉर्डांचं नवं सरकारी कॉलेज बरं. अध्यापक भरले जातात, इमारत उभी राहते; रिकामी ओपीडी मात्र सहसा भरत नाही.

घरापासूनचं अंतर हा खरा निकष आहे, तो मांडायला लाजू नये. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिलं वर्ष पास व्हायला जास्तीत जास्त चार संधी मिळतात. आजारपण, एकटेपणा, भाषा यांनी हे वर्ष जड जाऊ शकतं. परराज्यातल्या ऑल इंडिया जागेचा विचार करताना रुग्ण कोणती भाषा बोलतात हे आधी बघा. रुग्णाला आजाराचा इतिहास विचारल्याशिवाय रोग कळत नाही. त्या राज्याचा बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा, तेही बघा. महाराष्ट्रातही सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर एक वर्षाची बंधनकारक सेवा आहे, ती हिशोबात धरा. आणखी एक दूरचा मुद्दा. पीजीच्या राज्य कोट्यातलं रहिवासावर आधारित आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. संस्थात्मक प्राधान्य, म्हणजे तिथूनच एमबीबीएस केलेल्यांना मिळणारं प्राधान्य, मर्यादित प्रमाणात टिकलं. म्हणजे एमबीबीएस कुठून केलं याला पीजीच्या वेळी वजन राहू शकतं.

पैशांचा हिशोब एका वर्षाचा करू नका. खासगी कॉलेजांचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते कॉलेजवार जाहीर असतं. डीम्ड विद्यापीठं त्याच्या कक्षेत नाहीत. डीम्डचं वार्षिक शुल्क २२ लाख असेल तर साडेचार वर्षांचे ९९ लाख होतात, त्यात वसतिगृह, खाणावळ, परीक्षा शुल्क आणि दरवर्षीची वाढ नाही. शुल्क साडेचार वर्षांचं घेणार की पाच वर्षांचं, इंटर्नना विद्यावेतन प्रत्यक्ष किती देतात, हे लेखी मागा. खासगीतली इन्स्टिट्यूशनल कोट्याची, म्हणजे संस्थेच्या वाट्याची, जागा नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पटींना पडते, ती चुकून यादीत येऊ देऊ नका. मुलींसाठी मोठा फरक पाडणारी एक गोष्ट आहे: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या खासगी कॉलेजच्या जागेलाही हे लागू आहे. डीम्डला नाही. अशा घरात खासगी कॉलेजं डीम्डच्या कितीतरी वर यायला हवीत, आणि मुलांच्या यादीची नक्कल मुलीसाठी चालणार नाही.

फेऱ्यांचे नियम दरवर्षीच्या माहिती पुस्तिकेतून शब्द न शब्द वाचावे लागतात. एमसीसीत पहिल्या फेरीची जागा न घेता सोडली तर काही जात नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीत घेतलेली जागा सोडता येत नाही. प्रत्येक फेरीसाठी यादी नव्याने भरायची असते. आणि इथे एक चूक हमखास होते. पहिल्या फेरीत जागा घेऊन दुसरीसाठी अपग्रेड मागितलं, पण यादी जुनीच ठेवली. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून हातात एक जागा आल्यावर नव्या यादीत फक्त तिच्याहून खरोखर सरस वाटणारीच कॉलेजं ठेवा, त्याखालची सगळी काढून टाका. राज्याच्या कॅपमध्ये मिळालेल्या जागेवर पूर्ण समाधानी असाल तरच रिटेन्शन फॉर्म भरा. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. मूळ कागदपत्रं एका वेळी एकाच कॉलेजात राहतात, तेव्हा एमसीसी आणि सीईटी सेल या दोन्हींच्या तारखा एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडून ठेवा.

कागदपत्रांत अडकतं ते जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर. ऑल इंडियासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा प्रवर्ग फक्त राज्यापुरता आहे, एमसीसीत तो नाही. ईडब्ल्यूएसचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढा. हे दाखले निकालानंतर काढायला गेलं की तहसील कार्यालयात सगळा जिल्हा रांगेत असतो, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका; नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपत नाही ना, तेही तेव्हाच बघा.

फॉर्म लॉक करण्याआधी यादी कागदावर छापून घ्या. घरातल्या दुसऱ्या माणसाने कॉलेजचे कोड मोठ्याने वाचावेत, विद्यार्थ्याने नाव सांगावं. एकाच शहरात सरकारी, महापालिकेचं, खासगी आणि डीम्ड अशी चार कॉलेजं असतात, नावंही मिळतीजुळती असतात, आणि एमबीबीएसच्या खाली त्याच संस्थेच्या बीडीएसचा कोड असतो. शेवटच्या रात्री संकेतस्थळ मंदावतं. आदल्या दिवशी दुपारी लॉक करा आणि लॉक झालेल्या यादीची पीडीएफ उघडून पहिली ओळ ते शेवटची ओळ पुन्हा एकदा जुळवा.