बिलगावची पंधरा किलोवॅट

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या, पुढे शहाद्यापर्यंत पपई आणि ऊस. तिथून सातपुडा चढायला लागलो की पाण्याची दिशाच फिरते. शहाद्याची गोमाई प्रकाशाला तापीत मिळते; डोंगर ओलांडून अक्राणी तालुक्यात गेलं की नदीनाले उत्तरेला, नर्मदेकडे धावतात. उदई त्यातलीच. धडगावहून आम्ही बिलगावला गेलो ते तिच्यावरच्या वीजघराची जागा बघायला.

हे वीजघर झालं तेव्हा बिलगावला वीज मंडळाच्या तारा पोचल्या नव्हत्या. गावात होता सुमारे 9 मीटरचा धबधबा. केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या इंजिनियरांनी आखणी केली, नर्मदा बचाओ आंदोलनातल्या गावकऱ्यांनी श्रमदान केलं आणि 2003 च्या जानेवारीत 15 किलोवॅटचा संच सुरू झाला. घरांत दिवे लागले, आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळेतही.

किती किलोवॅट मिळतील याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती घनमीटर पाणी, गुणिले पडीची उंची, गुणिले 9.81, त्यातलं साठ टक्के हाती लागतं असं धरायचं. 9 मीटर पडीवर 15 किलोवॅट हवेत तर सेकंदाला साधारण 280 लिटर पाणी लागतं. म्हणून मोजणी वैशाखात करावी. दोराने दहा मीटर अंतर आखायचं, झाडाची काटकी सोडायची, सेकंद मोजायचे. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात जातं, त्यामुळे दगडगोट्यांच्या पात्रात आलेला वेग दोन तृतीयांशच धरायचा आणि त्याला पाण्याच्या रुंदी-खोलीने गुणायचं. पडीची उंची मोजायला गवंड्याची लेव्हल नळी पुरते. श्रावणात मोजून मशीन घेतलं तर उन्हाळ्यात ते अर्धपोटी फिरतं.

अशा वीजघरात बंधारा पाणी अडवून साठवत नाही, फक्त वळवतो. तिथून पाट, गाळ बसायला टाकी आणि टाकीतून खाली वीजघरात उतरणारा मोठा पाइप. 280 लिटरला तो दीड फूट व्यासाच्या आसपास लागतो. बारीक घेतला तर निम्मी पड घर्षणातच जिरते. एवढ्या कमी उंचीला क्रॉसफ्लो टरबाइन, म्हणजे पात्यांतून पाणी आडवं आरपार जाणारं चाक, परवडतं, गावाकडच्या वर्कशॉपमध्येही त्याची डागडुजी होते. फूटभर व्यासाचं चाक या पडीवर मिनिटाला चारशेच्या आसपास फिरतं, जनरेटरला 1500 फेरे लागतात. मधलं अंतर पट्टा आणि पुली भरून काढतात. पट्टा ढिला पडला की आधी वास येतो, मग दिवे मिणमिणतात.

सातपुड्यात खरा त्रास सागाच्या पानाचा. भिजलेलं पान पाटाच्या जाळीवर ठिगळासारखं चपटं बसतं, त्यावर दुसरं, तिसरं. टाकीतली पातळी उतरते, पाइपच्या तोंडाशी भोवरा धरतो, हवा आत जाते आणि टरबाइन खडखडायला लागतं. जाळी तिरपी बसवायची ती यासाठीच, दाताळं खालून वर सरळ ओढता आलं पाहिजे. पानगळीत हे काम दिवसातून दोनदा, पुराच्या दिवसांत तासातासाला. आणि नेमकं हेच काम कुणाच्या नावावर नसतं.

दुसरी भानगड लोडची. रात्री गाव झोपलं, दिवे बंद झाले, तरी पाणी तेवढंच येतं. चाकाला ओझं उरलं नाही की ते सुसाट सुटतं, व्होल्टेज चढतं, बल्ब फुटतात. म्हणून कंट्रोलर लावतात. गावाने 15 पैकी 6 किलोवॅट वापरले तर उरलेले 9 तो पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवतो. त्या टाकीतलं पाणी आटलं तर हीटर जळतो आणि पुन्हा तीच गत.

बिलगावचा संच यातल्या कशानेही बंद पडला नाही. 2006 च्या पावसाळ्यात नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं पाणी उदईतून मागे चढलं. अशा वीजघराला खालून येणारं पाणीच मारतं: तळ एक मीटर वर आला की पड नऊची आठ होते, वीजही नवव्या हिश्श्याने घटते. त्याआधीच जनरेटर भिजतो ते वेगळंच. तेव्हा धरणाची उंची 121.92 मीटरपर्यंत वाढवण्याचं काम चालू होतं. 2019 च्या सप्टेंबरात सरोवर पहिल्यांदाच 138.68 मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलं. त्या पातळीला धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी एकच होतं.