माझा अनुभव : बीआरएमच्या तयारीत कयाकचे वल्हे

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये पाय दमतात, हे कोणाला सांगावे लागत नाही; पण पायांत बळ शिल्लक असतानाही मान आणि पाठ दगा देऊ शकतात, हे रात्रभर सायकल चालवल्याशिवाय पटत नाही. बीआरएम किंवा ब्रेव्हे म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम मी मुदतीत पूर्ण केल्या होत्या. ४०० किलोमीटरसाठी २७ तास मिळतात आणि त्या हिशेबात मी बरीच पुढे होते. तरीही पहाटेच्या सुमारास हेल्मेट आणि त्यावरचा दिवा यांचे वजन माझ्या मानेला पेलेनासे झाले. एका हाताने हनुवटीला आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने हँडल सांभाळायचे, असे काही अंतर कापल्यावर पुढच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, मी माघार घेतली, नोंदींचे ब्रेव्हे कार्ड आयोजकांच्या हाती दिले आणि घरी फोन केला.

या त्रासाची टोकाची अवस्था सायकलपटूंमध्ये ‘शर्मर्स नेक’ या नावाने ओळखली जाते. १९८३ च्या ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ या अमेरिका आडवी पार करण्याच्या सायकल स्पर्धेत मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले की त्यांना डोके वर धरता येईना, आणि त्यांचेच नाव त्या दुखण्याला चिकटले. नागपूरकरांना ही स्पर्धा परकी नाही, कारण आपल्या शहरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली आहे. माझे दुखणे अर्थातच त्या टोकाला गेलेले नव्हते. फिजिओथेरपिस्टनी तपासून सांगितले की मणक्यांत दोष नाही. मात्र तासन् तास पुढे वाकून बसल्यामुळे पाठीचा वरचा भाग ताठर झाला आहे, तो वळतच नाही, आणि खांद्याची पाती मागे खेचून धरणारे स्नायू कमजोर असल्यामुळे सगळा भार मानेवर येतो. सायकलवर शरीराची हालचाल एकाच रेषेत होते. पाय वरखाली होतात आणि धड मात्र तासन् तास जागच्या जागी राहते.

त्यांनी दिलेले व्यायाम मी मनापासून केले. त्यांनी दुखणे थांबले, पण एक प्रश्न उरला. जिममध्ये आपण एखादा व्यायाम दहा-बारा वेळा करतो आणि विश्रांती घेतो, त्यातून ताकद येते. मला मात्र या स्नायूंकडून हलके काम तासन् तास करून घ्यायचे होते. शिवाय हे सगळे मार्चअखेरीस चालले होते. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी आठनंतर रस्त्यावर सायकल चालवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे होय. त्यामुळे मानेला आराम देत दमसास टिकवण्याचा दुसरा मार्ग शोधणे भागच होते. आमच्या ग्रुपमध्ये नौदलातून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांच्याकडे दोन कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद नावा, आहेत आणि सुटीच्या दिवशी ते रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जातात. “हात दुखतील म्हणून घाबरू नका, हातांचं काम त्यात सगळ्यात कमी असतं,” असे सांगून त्यांनी मला सोबत नेले.

पहिल्या काही आठवड्यांत मला त्यांचे म्हणणे खरे वाटले नाही. श्वास अगदी शांत असतानाच कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू पेटून उठत आणि वल्हे खाली ठेवावे लागे. याचे कारण नंतर समजले. नवशिका माणूस वल्हे मुठीत आवळून धरतो आणि दंडाने पाणी मागे ओढतो. हे स्नायू लहान असल्यामुळे हृदयावर पुरेसा ताण येण्याआधीच ते थकून जातात. सरांनी माझ्याकडून एक कवायत करून घेतली, आणि कयाक शिकणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असे मला वाटते. दोन्ही कोपरे जवळजवळ सरळ ठेवायची आणि तशीच कयाक चालवायची. हात वाकवता येत नसल्यामुळे कयाक पुढे न्यायला धड वळवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उजवीकडे पाते पाण्यात बुडवताना उजवा खांदा पुढे जातो, पाते पायांच्या बोटांच्या रेषेत पाण्यात शिरते, मग कमरेपासून धड उजवीकडे वळते, त्याच वेळी उजवे पाऊल समोरच्या आधारावर दाब देते आणि पाते कमरेपाशी येताच बाहेर निघते. कमरेच्या मागेपर्यंत ते ओढत नेण्यात लाभ नाही. तेथे पाते पाणी मागे ढकलण्याऐवजी वर उचलू लागते आणि खांद्याचा सांधा अवघड कोनात जातो. मूठ इतकी सैल हवी की वरच्या हाताची बोटे मध्येच उघडता आली पाहिजेत. हे जमू लागल्यावर दुसऱ्या दिवशीचे दुखणे दंडातून नाहीसे झाले आणि बरगड्यांच्या बाजूला व खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, म्हणजे मला हवे होते नेमके तेथे, जाणवू लागले.

संथ गतीने मिनिटाला ५० वेळा पाते पाण्यात घातले, तरी तासाभरात ३००० फटके होतात, म्हणजे प्रत्येक बाजूला १५००. जिममधल्या दहा-बारा फटक्यांच्या सेटशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही, आणि ब्रेव्हेच्या रात्री पाठीला लागते ती सहनशक्ती याच प्रकारची असते. जिममधील रोइंग मशीन हा याचा पर्याय आहे का, असे मला अनेकांनी विचारले. ते यंत्र उत्तमच आहे, परंतु त्यातील बहुतांश जोर पायांचा असतो आणि ओढ सरळ रेषेत येते. कंबर वळत नाही. रोइंगमध्ये खेळाडू प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो आणि त्याची वल्ही नावेला जोडलेली असतात, तर कयाकमध्ये तोंड पुढे असते आणि दोन पात्यांचे वल्हे पूर्णपणे हातात मोकळे असते. ज्याला पायांवर फार भार न टाकता दम वाढवायचा आहे, अशा धावपटूला रोइंग मशीनचा उपयोग होईल. पाठ वळवणे शिकायचे असेल, तर मात्र पाण्यावर जावे लागते.

नाडीच्या ठोक्यांबाबत सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते, कारण घड्याळावरचे आकडे पाहून पुष्कळ सायकलपटू आणि धावपटू निराश होतात. सायकलवर मी तासन् तास टिकू शकेन अशा वेगात माझे ठोके १३५ च्या आसपास असतात. कयाकमध्ये तितकाच दम लागत असताना घड्याळ १२० दाखवत असे. मेहनत कमी पडते आहे असे समजून मी जोर वाढवला असता, तर ठोके १३५ वर गेले असते, पण तो वेग तासभर टिकला नसता. शरीराच्या वरच्या भागातील स्नायूंचा आकार पायांपेक्षा लहान असतो, त्यामुळे ते एकूण प्राणवायूही कमी वापरू शकतात. हातांचा सराव नसलेल्या माणसात ही कमाल मर्यादा पायांच्या सुमारे ७० टक्के असते आणि ठोक्यांची कमाल मर्यादाही धावण्याच्या तुलनेत काहीशी खाली राहते. याउलट तितकेच यांत्रिक काम पायांऐवजी हातांनी केले, तर हृदयावर आणि रक्तदाबावर अधिक ताण येतो. म्हणून ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम सुरू करू नये. सायकलवरची ठोक्यांची गणिते कयाकवर लावणे मी सोडून दिले. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का, एवढीच कसोटी ठेवली. बोलता येत असेल तर तो लांब पल्ल्याचा वेग, आणि दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोराचा सराव.

उन्हाळ्यातला माझा शनिवार असा असे. पहाटे अंधारात निघून कामठी, कन्हान, मनसर मार्गे सायकलने रामटेक गाठायचे, हे अंतर साधारण ५० किलोमीटर भरते. मग ऊन तापण्याआधी तलावावर उतरायचे आणि परतताना सायकल सरांच्या गाडीवर टाकायची. पाय थोडे दमलेले असताना धडाकडून काम करून घेण्याचा हा क्रम ब्रेव्हेच्या तयारीला फार उपयोगी पडतो असे माझे मत झाले आहे. उन्हाळ्यात तलावाचे पाणी मागे हटलेले असते. कयाक दोघांनी उचलून भेगाळलेल्या कोरड्या गाळावरून आणि मग घोट्यापर्यंतच्या चिखलातून न्यावी लागते, आणि खोल पाण्यात दडलेली जुन्या झाडांची खोडे आता पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेली असतात. तेथे मासेमारी करणाऱ्या एका ढीवर काकांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावले, “दहा वाजल्यावर वारा सुटते, ताई. तिकडच्या अंगाले खुंट आहेत, तिकडं नका जाऊ.” त्यांनी सांगितलेली बाजू आम्ही संपूर्ण उन्हाळा टाळली, आणि वाऱ्याची वेळही त्यांनी अचूक सांगितली होती.

सुरक्षिततेबाबत सर अतिशय काटेकोर होते, आणि ते योग्यच होते. लाइफ जॅकेट घालून त्याचे सर्व पट्टे आवळल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही. उत्तम पोहता येत असले तरीही नाही. लांब पल्ला सुरू करण्याआधी त्यांनी कयाक मुद्दाम उलटवायला लावली आणि खोल पाण्यातून तिच्यावर पुन्हा चढण्याचा सराव करून घेतला. पोट कयाकवर आडवे टाकून, पाय मासोळीसारखे मारत वर सरकायचे आणि मग वळून बसायचे, ही कृती ताजेतवाने असताना सोपी वाटते, थकल्यावर ती तशी राहत नाही. मेअखेरीस वळवाच्या पावसाचे ढग जमू लागले की पहिल्या गडगडाटालाच काठ गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचे नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. पाण्यावर अंगावर शिंतोडे उडत असल्यामुळे घाम जाणवत नाही, परंतु ऊन वरून आणि पाण्यावरून परावर्तित होऊन असे दोन्हीकडून लागते. म्हणून मीठ-साखर-लिंबाचे पाणी कयाकच्या पुढच्या जाळीत बांधून ठेवून मी ठरावीक वेळाने पीत असे.

एक अडचण मला बरेच दिवस सतावत होती. पाय समोर पसरून बसल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तळपाय बधिर होत. सायकलपटूंच्या मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे ताठ बसता येत नाही, कंबर मागे कलंडते आणि पाठीला बाक येतो. असा बाक आला की धडही वळत नाही. पायांचा आधार एक खाच जवळ घेतल्यावर गुडघे किंचित वाकले, मांड्यांवरचा ताण कमी झाला आणि बधिरपणा गेला. सोबत रोज रात्री मांड्यांचे स्ट्रेचिंग सुरू केले. अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या फोडांसाठी साधी चिकटपट्टी पुरेशी झाली.

कयाकने काय दिले नाही, हेही लिहायला हवे. हृदय जास्त रक्त पुढे ढकलायला शिकते, तो लाभ कोणत्याही व्यायामात कामी येतो. स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि ऊर्जा तयार करण्याची क्षमता मात्र ज्या स्नायूंनी काम केले त्यांच्यातच वाढते. मांड्यांनी पेडल मारले नाही, तर मांड्यांचा सराव तुटतोच. म्हणून मी घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या साधनावर, आठवड्यातून दोनदा पंख्याखाली पेडल मारणे चालू ठेवले होते. केवळ वल्हवून ब्रेव्हेची तयारी होईल असे कोणी सांगत असेल, तर ते मला मान्य नाही.

पावसाळ्यात तलाव भरला की आम्ही पाण्यावर जाणे थांबवले. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून धड वळवण्याचा सराव मी घरी करत राहिले आणि दिवाळीनंतर पुन्हा ४०० किलोमीटरच्या सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिले. रात्री दोनच्या सुमारास मानेत थकवा आला, पण डोके वर धरण्यासाठी हाताची गरज एकदाही भासली नाही. खांद्याची पाती मागे घेऊन छाती उघडी ठेवण्याची सवय अंगवळणी पडली होती आणि प्रत्येक कंट्रोलवर उतरल्यावर धड दोन्हीकडे वळवले की पाठ मोकळी होत होती. मुदतीच्या बऱ्याच आधी मी पोहोचले. मध्यंतरी मी सायकलचे हँडलही थोडे वर घेतले होते, त्यामुळे सगळे श्रेय कयाकला देणे योग्य होणार नाही. पण रात्रभर सायकल चालवूनही दुसऱ्या दिवशी पाठ सरळ ठेवून ऑफिसात बसू शकले, हे निव्वळ हँडलमुळे घडले असे मला वाटत नाही.

आता ६०० किलोमीटर बाकी आहे, त्यासाठी ४० तास मिळतात. २००, ३००, ४०० आणि ६०० अशी चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण केली की ‘सुपर रँडोनर’ हा किताब मिळतो. फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी होणाऱ्या १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलफेरीची पुढची खेप २०२७ मध्ये आहे आणि तिच्यासाठी त्या वर्षी या चारही ब्रेव्हे पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. थंडीत रस्त्यावर सायकल, एप्रिलपासून जून उजाडेपर्यंत खिंडसीवर कयाक आणि पावसाळ्यात ट्रेनर व रबरी पट्टा, अशी वर्षाची वाटणी मी केली आहे. सरांच्या दोन कयाकपैकी एक जुनी झाल्यामुळे या वर्षी आम्ही चौघे वर्गणी काढून लांब व अरुंद बांधणीची एक कयाक घेत आहोत. ती अधिक वेगाने जाते, पण डुलतेही जास्त, त्यामुळे उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव आम्हाला पहिल्यापासून करावा लागणार आहे.