बाईंचे त्रैराशिक

सातवीच्या वर्गात आमच्या गणिताच्या बाई त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढण्याची रीत, शिकवताना प्रमाण, फल आणि इच्छा हे शब्द फळ्यावर लिहीत, प्रमाण व इच्छा एकाच जातीची असली पाहिजेत असे बजावीत, आणि उत्तरापुढे एकक नसेल तर आकडा बरोबर असूनही गुण देत नसत. तो नियम तेव्हा मला जाचक वाटे. आज बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी त्याच नियमाच्या आधारे औषध मोजते.

तापावरचे पॅरासिटामॉल घ्या. डॉक्टर मात्रा वजनावरून, बहुधा किलोला 15 मिलिग्रॅम या हिशेबाने ठरवतात. बाटलीतून मात्र औषध मिलिलिटरने मोजावे लागते. दहा किलोच्या बाळाला 150 मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि बाटलीवर ‘5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम’ असे छापले आहे, तर 125 हे प्रमाण, 5 हे फल आणि 150 ही इच्छा. इच्छेला फलाने गुणून प्रमाणाने भागले की 6 मिलिलिटर येतात. बाटलीवर 125 ऐवजी 250 मिलिग्रॅम छापले असेल तर 3 मिलिलिटर पुरतात, आणि एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतले फक्त दीड.

एका आईने 125 ची बाटली संपल्यावर आणलेल्या 250 च्या बाटलीतूनही सवयीने 6 मिलिलिटरच पाजले होते, म्हणजे नेमके दुप्पट. डॉक्टरांनी बाळाला तपासले, ते सुखरूप होते. पण ती माउली रडू लागली, तेव्हा तिच्या शेजारी बसून मी कागदावर तेच त्रैराशिक मांडून दाखवले. दोष तिचा नव्हता, कारण दोन्ही बाटल्यांवरचे नाव एकच होते आणि मिलिग्रॅमचा आकडा बारीक अक्षरात होता.

हृदयाच्या डिगॉक्सिनसारख्या औषधात तर फारच जपावे लागते. मात्रा 0.05 मिलिग्रॅम लिहिलेली असते आणि बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये 50 मायक्रोग्रॅम असतात. आधी मिलिग्रॅमना हजाराने गुणून मायक्रोग्रॅम केले, म्हणजे दोन्ही एका जातीची केली, की उत्तर 1 मिलिलिटर येते, पण दशांशचिन्ह एक घर सरकले तर तेच 10 होते. म्हणून हा हिशेब आम्ही दोघी परिचारिका एकमेकींचा कागद न पाहता करतो आणि उत्तरे जुळल्यावरच औषध भरतो.

घरी सोडताना मी प्रत्येक आईला स्वयंपाकघरातला चमचा न वापरण्याची विनंती करते, सुईविना सिरिंजमध्ये रेघेपर्यंत औषध तिच्याच हाताने भरून घेते, आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून आकड्यापुढे ‘मिलिलिटर’ हा शब्द पूर्ण लिहिते.