तुम्ही विचारलंत म्हणून: मुरमांचे खड्डे क्रीमने भरतात का?

मी फार्मासिस्ट आहे. दुकानात हा प्रश्न रोजचाच: "ताई, पिंपल्सचे डाग जायला एखादी चांगली क्रीम द्या ना."

मी त्यांना आधी डागावरून बोट फिरवायला सांगते. बोटाला काहीच लागलं नाही, नुसता रंग दिसतोय, तर तो मुरूम बसल्यावर राहिलेला काळेपणा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तो चटकन येतो आणि महिनोन् महिने रेंगाळतो, पण बहुतेकदा फिका पडतो. सनस्क्रीन नेमाने लावायचं, डॉक्टरांनी दिलं तर अडापलीन किंवा अझेलिक ॲसिड, आणि मुरूम फोडायचे नाहीत. लिंबू चोळायचं नाही, त्याने त्वचा चिडून आणखी काळवंडते.

बोट खाली उतरलं तर मात्र क्रीमवर भिस्त ठेवू नका. तिथे सूज खोलवर गेली, आतलं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) नष्ट झालं आणि त्वचा खचली. काही खड्डे अरुंद आणि खोल, काही रुंद, उभ्या कडांचे, काही उथळ. एकाच गालावर तिन्ही असू शकतात, म्हणून एकच उपाय पुरत नाही. उथळ खड्डे खालच्या तंतूंनी आत ओढलेले असतात. सबसिजन नावाच्या उपचारात सुईने ते तंतू सोडवतात. अरुंद खड्ड्याच्या तळाशी तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) लावतात. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) आणि फ्रॅक्शनल लेसर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत सोडलेला लेसर) यांमुळे नवं कोलॅजन बनतं, त्याला काही महिने जातात. आपल्या रंगाच्या त्वचेवर लेसर जपून वापरला नाही तर नवेच डाग पडतात. खड्डे उथळ होतात, पूर्ण बुजत नाहीत. शंभर टक्के हमी देणाऱ्याकडे पैसे भरू नका. आणि नवे मुरूम येतच असतील तर आधी ते आटोक्यात आणा.

मला खरी काळजी वाटते ती "शेजारच्या मुलीला हिने पंधरा दिवसांत फरक पडला" म्हणत पुढे केलेल्या रिकाम्या ट्यूबची. मागची बारीक अक्षरं वाचली की दिसतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. चेहरा सुरुवातीला उजळतो. पण डॉक्टरांना न विचारता लावत राहिलं की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम पुन्हा उठतात. 2018 मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती सर्रास मिळतात. माझ्याकडे मिळणार नाहीत.

तुम्ही अशी क्रीम महिनोन् महिने लावत असाल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, चेहरा भडकतो. ट्यूब सोबत घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.